२३ एप्रिल : एकाच तारखेत मावलेली माणसं आणि घटना

पिंपळपान

२३ एप्रिलच्या दिनविशेषाच्या ज्या याद्या फिरतात, त्या बहुतेक शेक्सपिअरपासून सुरू होतात आणि जागतिक पुस्तक दिनापाशी थांबतात. मध्ये एक-दोन राजे, एखादी लढाई, एखादा नट. पण या तारखेत इतकं काही आहे की नुसती नावं वाचून पुढे जाणं मला जमत नाही. म्हणून हा धागा. ज्याला या दिवसाबद्दल जे ठाऊक असेल ते त्याने सविस्तर लिहावं. एक ओळ टाकून जाऊ नये, ही विनंती.

सुरुवात १८५८ पासून करते. या तारखेतलं मला सर्वांत जास्त खेचून घेणारं वर्ष हेच. शुक्रवार, २३ एप्रिल १८५८.

त्या दिवशी पश्चिम घाटाच्या रानात, गंगामूळ या ठिकाणी अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी मुलगी झाली. हीच पंडिता रमाबाई. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता, आणि रानात जाऊन राहण्यामागे तेही एक कारण होतं. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं.

त्याच दिवशी, आज जर्मनीत असलेल्या कील शहरात माक्स प्लांकचा जन्म झाला. विसाव्या शतकाचं पदार्थविज्ञान ज्या कल्पनेवर उभं राहिलं, ती पुंजाची (ऊर्जेच्या सुट्या पुड्यांची, म्हणजे क्वांटमची) कल्पना त्याने १४ डिसेंबर १९०० रोजी मांडली. त्याला १९१८ सालचं नोबेल मिळालं.

आणि त्याच दिवशी बिहारात जगदीशपूरजवळ, १८५७ च्या उठावातले, ऐंशीच्या घरात पोचलेले नेते कुंवरसिंह यांनी कॅप्टन ले ग्रँडच्या इंग्रज तुकडीचा पराभव केला. काही दिवसांपूर्वी गंगा ओलांडताना त्यांच्या हाताला गोळी लागली होती. तो हात त्यांनी स्वतःच्या तलवारीने तोडून गंगेला अर्पण केला, अशी कथा तिकडे सांगतात. लढाई जिंकून तीनच दिवसांनी, २६ एप्रिलला ते गेले.

एक म्हातारा शेवटची लढाई जिंकतोय आणि दोन बाळं डोळे उघडतायत. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दिवस एकच. जगाच्या याद्यांत यातला प्लांक असतो, आपल्याकडच्या काही याद्यांत कुंवरसिंह असतात. रमाबाई मात्र वारंवार गळतात, आणि ते मला फार खटकतं.

---

शब्दवेल्हाळ

धागा आवडला, पिंपळपानताई. पुस्तकांची बाजू मी घेते.

युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक आणि स्वामित्वहक्क दिन ठरवला. त्यामागे तीन नावं सांगितली जातात : शेक्सपिअर, सर्व्हान्तेस आणि इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा. तिघांच्याही मृत्यूची तारीख म्हणून २३ एप्रिल १६१६ दिली जाते. पहिले दोघे सगळ्यांना माहीत असतात. तिसऱ्यावर थोडं थांबायला हवं. त्याची आई इंका राजघराण्यातली आणि वडील स्पॅनिश सरदार. पेरूमध्ये कुस्को इथे जन्मलेल्या या माणसाने पुढे स्पेनमध्ये राहून, जिंकलेल्यांच्या भाषेत, हरलेल्या आजोळचा इतिहास लिहिला.

पण हा दिवस पुस्तकांचा झाला तो युनेस्कोच्याही आधी, स्पेनमध्ये. तिथे १९२६ मध्ये पुस्तक दिन सुरू झाला तेव्हा तो ७ ऑक्टोबरला, सर्व्हान्तेसचा जन्मदिवस मानून पाळत. १९३० मध्ये तो २३ एप्रिलवर आला. कॅटलोनियात हा दिवस आधीपासूनच संत जॉर्जचा, गुलाब देण्याचा. गुलाबाशेजारी पुस्तक येऊन बसलं आणि तिथला तो मोठा सण झाला.

याच दिवशी दरवर्षी एका शहराला वर्षभरासाठी 'जागतिक पुस्तक राजधानी' म्हणून मान मिळतो. २००३ मध्ये तो नवी दिल्लीला मिळाला होता. ब्रिटनमध्ये मात्र पुस्तक दिन मार्चमध्ये असतो. एप्रिलमध्ये शाळांना ईस्टरची सुट्टी येते, आणि मुलंच नसतील तर पुस्तक दिन कुणासाठी करायचा!

आणखी एक कवी : विल्यम वर्ड्‌स्वर्थ २३ एप्रिल १८५० रोजी, ८० वर्षांचा होऊन गेला. ज्या दीर्घ कवितेवर त्याने जवळजवळ आयुष्यभर काम केलं, ती 'द प्रिल्यूड' त्याच्यामागे त्याच वर्षी छापली गेली.

---

जुनीपाने

शब्दवेल्हाळ, प्रतिसाद सुरेख. पण शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस 'एकाच दिवशी' गेले, हे जे सगळीकडे छापलं जातं त्याबद्दल लिहायलाच हवं.

स्पेनने १५८२ मध्ये ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते कॅलेंडर स्वीकारलं. इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारलं नाही. म्हणजे १६१६ मध्ये दोन्ही देशांच्या तारखांत १० दिवसांचं अंतर होतं. स्पेनमध्ये २३ एप्रिल उजाडला तो शनिवार होता. इंग्लंडमध्ये २३ एप्रिल उजाडला तो मंगळवार, आणि त्या मंगळवारी स्पेनमध्ये ३ मे होती. शेक्सपिअर सर्व्हान्तेसनंतर दहाएक दिवस जगला. शिवाय सर्व्हान्तेस २२ तारखेला गेला, असं आता अभ्यासक मानतात. २३ तारीख त्याच्या दफनाची आहे.

शेक्सपिअरच्या जन्माचंही तसंच. नोंद आहे ती बाप्तिस्म्याची, २६ एप्रिल १५६४ ची. तीन दिवस मागे जाऊन २३ धरलं की जन्म, मृत्यू आणि इंग्लंडच्या संत जॉर्जचा दिवस असे तिन्ही जुळतात. हे जुळणं लोकांना इतकं आवडलं की ती तारीख रूढच झाली.

कॅलेंडर बदलण्याच्या या घोळात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो आव्हिलाच्या संत तेरेसाचा मृत्यू. स्पेनमध्ये १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, आणि ती नेमकी त्या रात्री गेली. ४ ते १५ ऑक्टोबर अशी एकच रात्र!

आपल्या तारखेकडे परत येतो. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्हचा जन्म रशियात १८९९ मध्ये, जुन्या कॅलेंडरप्रमाणे १० एप्रिलला झाला. तेव्हा दोन कॅलेंडरांतलं अंतर १२ दिवसांचं होतं, म्हणजे नव्या हिशोबाने २२ एप्रिल. पण १९०० हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप होतं, नव्या पद्धतीत नव्हतं. त्यामुळे अंतर १३ दिवसांचं झालं आणि पुढच्या वर्षापासून घरी १० एप्रिलला साजरा होणारा वाढदिवस बाहेरच्या जगात २३ एप्रिलला पडू लागला. नाबोकोव्हने पुढे २३ हीच तारीख धरली. शेक्सपिअर आणि शर्ली टेंपल यांच्याशी वाढदिवस वाटून घेण्यात त्याला आनंद होता.

---

रीळ_आणि_रेकॉर्ड

शर्ली टेंपल २३ एप्रिल १९२८ ची. मंदीच्या काळात अमेरिकेने सिनेमागृहात जाऊन जिला पाहिलं ती कुरळ्या केसांची मुलगी. मोठेपणी ती घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. अमेरिकी गायक रॉय ऑर्बिसनचा जन्म १९३६ चा. आपल्याकडे गायिका एस. जानकी (१९३८) आणि मनोज बाजपेयी (१९६९). १९७७ तर अगदीच भरगच्च : कुस्तीच्या रिंगणातून सिनेमात आलेला जॉन सीना, बातम्यांवर कार्यक्रम करणारा जॉन ऑलिव्हर आणि अभिनेता कॅल पेन, तिघेही त्याच दिवसाचे.

याच तारखेला १९८५ मध्ये कोकाकोलाने आपली जुनी चव बदलल्याची घोषणा केली. जवळपास २ लाख लोकांवर, नाव न सांगता घेतलेल्या चाचण्यांत निम्म्याहून जास्त जणांनी नवी चव पसंत केली होती. तरीही लोक भडकले, पत्रं आणि फोन यांचा पूर आला, आणि ७९ दिवसांनी, ११ जुलैला जुनी चव परत आणावी लागली. चव आवडते का, एवढंच विचारलं होतं. जुनी काढून घेतली तर काय वाटेल, हे विचारायचं राहून गेलं. मला ही गोष्ट जाहिरातशास्त्राइतकीच आठवणींच्या शास्त्राची वाटते.

---

ओसरी

वाचतेय. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ पण २३ एप्रिलचाच ना? २००५?

---

रीळ_आणि_रेकॉर्ड

हो, तोच! १९ सेकंदांचा. संस्थापकांपैकी एक असलेला जावेद करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडेबद्दल बोलतो आणि संपतं. ना संगीत, ना संकलन. पुढच्या वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला घेतली.

जुनीपाने यांचा कॅलेंडरचा मुद्दा इथेही लागू पडतो. तो व्हिडिओ चढवला तेव्हा कॅलिफोर्नियात २३ एप्रिलची रात्र होती, साडेआठच्या सुमाराची. भारतात २४ एप्रिलची सकाळ उजाडून नऊ वाजायला आले होते. वर्धापनदिन कोणत्या तारखेला धरायचा ते घड्याळ कुणाचं यावर ठरतं.

---

तारांगण

मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे त्याचं नाव या दिवसाच्या यादीत क्वचित दिसतं. सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह.

२३ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ १ हे यान बैकानूरहून सुटलं. यान नवं होतं. आधीची मानवरहित उड्डाणं नीट झाली नव्हती, तरी हे उड्डाण झालं. बेत असा होता की दुसऱ्या दिवशी सोयूझ २ तिघांना घेऊन सुटेल, दोन्ही यानं अंतराळात जोडली जातील आणि दोन अंतराळवीर बाहेरून चालत एका यानातून दुसऱ्यात येतील. पण कक्षेत पोचताच सोयूझ १ चं एक सौर पंख उघडलंच नाही. वीज अपुरी पडू लागली, दिशा धरून ठेवणं अवघड झालं. सोयूझ २ चं उड्डाण रद्द झालं आणि कोमारोव्हला परत बोलावण्यात आलं.

अशा अवस्थेत त्याने यान हाताने वळवून वातावरणात आणलं. हे काम किती कठीण होतं याची कल्पना अंतराळ उड्डाणांचा इतिहास वाचणाऱ्यांना असेल. वातावरणातला सर्वांत तप्त टप्पा तो पार करून आला. आणि मग मुख्य हवाईछत्री बाहेरच आली नाही. राखीव छत्री उघडली, पण ती आधीच्या लहान छत्रीत अडकली. २४ एप्रिलच्या सकाळी यान ओरेनबुर्ग भागात जमिनीवर आदळलं. अंतराळ मोहिमेत उड्डाणादरम्यान प्राण गमावणारा तो पहिला माणूस. त्या मोहिमेसाठी त्याचा पर्यायी वीर होता युरी गागारिन.

सोयूझ २ सुटलं असतं तर त्यातल्या तिघांचंही काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच वर्षी जानेवारीत अपोलो १ च्या आगीत तीन अमेरिकन अंतराळवीर जमिनीवरच्या चाचणीत गेले होते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वीरांनी चंद्रावर एक छोटी आकृती आणि दिवंगत अंतराळवीरांच्या १४ नावांची पट्टी ठेवली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकनांनी ठेवलेल्या त्या पट्टीवर कोमारोव्हचंही नाव आहे.

सोयूझची सुधारलेली यानं आजही माणसांना ने-आण करतात. म्हणून २३ एप्रिलच्या यादीत ही नोंद हवीच.

---

समीकरण

सगळे प्रतिसाद मनापासून आवडले, तरी एक शंका मांडतो. या तारखेत काही खास आहे असं वाटणं हा आकड्यांचा परिणाम आहे.

वर्षाचे दिवस ३६५. एका खोलीत २३ माणसं असली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते, साधारण ५०.७ टक्के. (२३ हाच आकडा यावा हाही योगायोगच.) कारण २३ माणसांत २५३ जोड्या पडतात. पण 'माझ्याच' वाढदिवसाचं दुसरं कुणी सापडावं, याची शक्यता निम्म्याहून जास्त व्हायला माझ्याशिवाय २५३ माणसं लागतात. पहिल्या प्रश्नात कोणतीही तारीख चालते, दुसऱ्यात ती आधीच ठरलेली असते, इतकाच फरक.

इतिहासात नोंद झालेल्या घटना आणि माणसं हजारोंनी मोजावी लागतात. त्यामुळे कोणतीही तारीख उचला, एक शास्त्रज्ञ, एक लढाई, एक गायिका आणि एक अपघात मिळणारच. म्हणून पिंपळपान यांना विचारावंसं वाटतं : १८५८ चे ते तिघे शेजारी ठेवून नेमकं काय हाती लागतं?

---

पिंपळपान

समीकरण, तुमचं गणित बिनतोड आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे. ग्रहताऱ्यांनी हे तिघे एकत्र आणले असं मला म्हणायचंच नाही. पण तारीख एक काम करते : ज्या दोन माणसांना आपण कधीच एका वाक्यात आणलं नसतं, त्यांना ती शेजारी आणते. मग बघावंसं वाटतं. मी बघितलं.

प्लांकचं आयुष्य पाहा. १९०९ मध्ये पहिली पत्नी गेली. थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात १९१६ ला मारला गेला. जुळ्या मुली, एक १९१७ ला आणि दुसरी १९१९ ला, दोघीही बाळंतपणात गेल्या. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं घर कागदपत्रांसकट जळालं. पहिल्या पत्नीपासूनचा उरलेला मुलगा एर्विन, हिटलरविरुद्धच्या कटाच्या खटल्यात जानेवारी १९४५ मध्ये फासावर गेला. तेव्हा प्लांक ८६ वर्षांचा होता.

आता रमाबाई. सोळा-सतराव्या वर्षी दुष्काळ आणि उपासमारीत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या हजारो मैल पायी फिरल्या, पुराणं सांगत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये ते गेले. हातात तान्ही मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार व्हायला हवेत हे सांगितलं. तेव्हा वय होतं २४. पुढे इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका, १८८९ मध्ये शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती सदन. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि नऊएक महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तोवर हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पूर्ण करत आणलं होतं.

दोघांच्याही वाट्याला आप्तांची ओळीने मरणं आली आणि दोघांनीही काम सोडलं नाही. त्यातल्या एकाच्या नावाचे स्थिरांक आणि संस्था जगभर आहेत. दुसरीचं नाव तिच्याच भाषेतल्या दिनविशेषात सुटतं. शेजारी ठेवल्याशिवाय हे अंतर माझ्या इतकं डोळ्यांत आलं नसतं.

---

समीकरण

पटलं. तारीख हे कारण नसून निमित्त आहे, असं म्हणत असाल तर माझा विरोध नाही. रमाबाई आणि प्लांक हे दोघे एकवयाचे होते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

---

शब्दवेल्हाळ

धर्मांतरामुळे रमाबाई गळल्या का, हा प्रश्न विचारायलाच हवा. शारदा सदनाला सुरुवातीला इथल्या सुधारकांचा पाठिंबा होता. तिथल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत असा बोभाटा झाल्यावर १८९३ मध्ये तो सुटला. त्यानंतर मराठी सार्वजनिक आठवणीत त्यांची जागा अडचणीचीच राहिली. धर्माबद्दल कुणाचं काही मत असो, केशवपन झालेल्या आणि टाकून दिलेल्या मुलींना छप्पर देणारी बाई म्हणून तरी त्यांचा दिवस लक्षात राहायला हवा.

---

ओसरी

+१. यावर वेगळा धागा व्हावा.

तुर्कस्तानचाही हा मोठा दिवस. २३ एप्रिल १९२० रोजी अंकारात राष्ट्रीय सभा पहिल्यांदा भरली. तिथे हा राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा आणि मुलांचा दिवस म्हणून पाळतात. मुलं त्या दिवशी प्रतीकरूपाने संसदेतल्या खुर्च्यांवर बसतात.

---

पाऊलवाट

उशिरा आलो. सत्यजित राय अजून कसे आले नाहीत? २३ एप्रिल १९९२, कलकत्ता. त्याच्या आधी महिनाही झाला नव्हता, ३० मार्चला ऑस्करच्या सोहळ्यात ऑड्री हेपबर्नने त्यांच्या जीवनगौरव पुरस्काराची घोषणा केली, आणि रुग्णालयातल्या खाटेवर पुतळा हातात धरून त्यांनी केलेलं छोटं भाषण पडद्यावर दाखवलं गेलं. भारतरत्नही त्याच वर्षीचं.

शब्दवेल्हाळ यांनी पुस्तकांचा विषय काढला म्हणून सांगतो : राय आधी पुस्तकांचे चित्रकार होते. जाहिरात कंपनीत नोकरी करत सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं काढत. 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढताना ती कादंबरी त्यांच्या मनात दृश्यरूपात बसली, आणि १९५५ मध्ये सिनेमा आला. ते गेले त्या तारखेला तीन वर्षांनी युनेस्कोने पुस्तकांचा दिवस म्हणून ठरवलं. समीकरण म्हणतील योगायोग, आणि ते बरोबरच आहे. मला तो फार प्रिय आहे.

---

तारांगण

पिंपळपानताई, एक विचारायचं होतं. रमाबाईंचं स्वतःचं काही वाचायचं तर कुठून सुरुवात करावी?

---

पिंपळपान

इंग्रजीतलं १८८७ चं 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' सर्वांत जास्त सांगितलं जातं. मदत उभी करण्यासाठी अमेरिकी वाचकांकरता लिहिलेलं ते पुस्तक आहे आणि ते महत्त्वाचंही आहे. पण मराठी वाचकाने आधी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' घ्यावं. १८८९ चं. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून त्या १८८६ मध्ये गेल्या आणि मग तो देश हिंडत राहिल्या. राज्यव्यवस्था, घरं, शाळा, धर्मादाय संस्था, सगळं निरखून लिहिलंय. कौतुक भरपूर आहे, पण मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना तिथे कसं वागवलं गेलं तेही त्यांनी सोडलेलं नाही. स्त्रियांच्या स्थितीवरचं प्रकरण आधी वाचलंत तरी चालेल. बायकांनी संघटना कशा बांधल्या, पैसा कसा उभा केला, कोणत्या धंद्यांत शिरल्या, याचा इतका बारीक तपशील तिथे आहे की मायदेशी परतून लगेच शारदा सदन कसं उभं राहिलं ते कळतं. भाषा जुनी आहे, पण पहिल्या दहा-बारा पानांनंतर अडत नाही.